व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेट्स कशा साफ कराव्यात

काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार या भागांतली जुनी घरे रिकामी होताना माळ्यावरून बऱ्याच गोष्टी खाली येतात. त्यात हल्ली हमखास निघणारी एक म्हणजे व्हिडिओ गेमचे मशीन आणि बुटाच्या खोक्यात भरलेल्या त्याच्या कॅसेट्स. कोणीतरी उत्साहाने मशीन टीव्हीला जोडतो, कॅसेट घालतो, पडद्यावर काहीच येत नाही. मग ‘खराब झाल्या’ असे म्हणून सगळे भंगारात जाते. खरे तर अशा कॅसेट्सपैकी बऱ्याचशा खराब झालेल्या नसतात, नुसत्या मळलेल्या असतात. आणि ज्या खरोखर कायमच्या निकामी होतात, त्यांतल्या काही चुकीच्या सफाईनेच होतात. म्हणून आपल्या सभासद कुटुंबांसाठी ही माहिती एकत्र दिली आहे. मुले आता तिशी-चाळिशीत आहेत, काही परदेशात आहेत. खोके टाकण्याआधी त्यांना एकदा विचारावे आणि त्यासोबत हे वाचावे.

कॅसेटच्या आत काय असते

आपण जिला कॅसेट म्हणत आलो तिचे खरे नाव कार्ट्रिज. गाण्याच्या कॅसेटसारखी फीत तिच्यात नसते. प्लॅस्टिकच्या डबीत एक लहान सर्किट बोर्ड, त्यावर एक-दोन चिप आणि बोर्डाच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंनी ओळीने सोनेरी पट्ट्या, एवढाच संसार. खेळ चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला असतो, तो पुसला जात नाही. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावला होता. आज सकाळी व्हॉट्सॲपवर येणारे सुप्रभातचे चित्र बहुधा त्याहून मोठे असते.

अशी चिप सहसा आपणहून मरत नाही. बिघडतो तो स्पर्श. मशीनच्या खाचेत बारीक स्प्रिंगसारख्या पिना असतात, त्या या पट्ट्यांवर दाबून बसतात आणि त्यातून वीज व माहिती ये-जा करते. मध्ये तेलकट थर, धूळ किंवा गंज आला की एखादी ओळ तुटते. एक ओळ तुटली तरी खेळ सुरू न होण्यास ते पुरेसे असते.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात लिटल मास्टर, समुराई अशा नावांनी जी मशीन आली ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये बाजारात आला. त्याच्या कॅसेटला ६० पट्ट्या असतात, एका बाजूला ३०. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेला एनईएस हा त्याचाच भाऊ, पण त्याच्या कॅसेटला ७२ पट्ट्या, त्यामुळे ती आपल्या मशीनमध्ये बसतच नाही. सेगाच्या मेगा ड्राइव्हला ६४, गेम बॉयला ३२ आणि त्याहून जुन्या अटारी २६०० ला २४. सफाईची रीत सगळ्यांना एकच.

नकली कॅसेट उघडली तर पुष्कळदा चिप दिसतच नाही. त्या जागी डांबराच्या थेंबासारखा काळा, कडक गोळा असतो. घाबरू नये, ती घाण नव्हे. त्या थेंबाखालीच चिप आहे, स्वस्तात काम व्हावे म्हणून ती तशी झाकलेली असते. तो खरवडण्याचा प्रयत्न मात्र कोणी करू नये. ‘९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजून थोडेच खेळ असतात आणि तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येतात, हे त्या काळीही मुलांना दोन दिवसांत कळत असे.

आधी दोष कुठे आहे ते पाहावे

सफाईला बसण्याआधी दोन-तीन कॅसेट्स आलटून पालटून लावून पाहाव्यात. एकच चालत नसेल तर दोष त्या कॅसेटचा. सगळ्यांचे सारखेच होत असेल तर मशीनची खाच, अ‍ॅडॉप्टर किंवा टीव्ही यांच्याकडे बघावे. ही पायरी गाळली की माणूस तासभर चांगल्या कॅसेट्स घासत बसतो.

टीव्हीची अडचण अलीकडे फार दिसते. जुनी मशीन अँटेनाच्या वायरने टीव्हीला लावत आणि ठराविक चॅनल शोधावे लागे. नव्या सपाट टीव्हीला तो सिग्नल कधी पकडता येत नाही, कधी ‘नो सिग्नल’ असे येते. मशीनला पिवळ्या-पांढऱ्या पिनची एव्ही वायर लागत असेल तर ती वापरावी, आणि शक्य असल्यास एखाद्या जुन्या डबा टीव्हीवर तपासावे. बंदुकीने बदके मारायचा खेळ नव्या टीव्हीवर चालणारच नाही. ती बंदूक काचेच्या पिक्चर ट्यूबवर उमटणारा प्रकाश ओळखते, एलईडी पडद्यावर तिला तो हवा त्या क्षणी मिळत नाही. त्यात कॅसेटचा काही दोष नाही.

अ‍ॅडॉप्टरबद्दल सांभाळून राहावे. पिन बसते म्हणून कोणताही अ‍ॅडॉप्टर लावू नये. मशीनच्या तळाशी किती व्होल्ट आणि आतली पिन धन की ऋण हे छापलेले असते, ते जुळले पाहिजे. हे उलटे झाल्यास मशीनच जाऊ शकते.

आता कॅसेटची लक्षणे. फॅमिकॉम जातीच्या कॅसेटमध्ये पट्ट्यांचे ढोबळमानाने दोन गट असतात. एका गटातून खेळाचा प्रोग्राम मुख्य प्रोसेसरकडे जातो, दुसऱ्यातून चित्रे पडद्याचे काम पाहणाऱ्या चिपकडे जातात. त्यामुळे पडदा नुसता एका रंगाचा, राखाडी किंवा निळा, आणि बाकी सामसूम असेल तर पहिल्या गटातली एखादी पट्टी मळलेली आहे असे समजावे. उलट संगीत व्यवस्थित वाजते, बटण दाबले की उडी मारल्याचा आवाजही येतो, पण मारिओच्या जागी तुटक्या विटा, आकडे आणि उभ्या रेघा दिसतात, तेव्हा दुसऱ्या गटात अडथळा आहे. मूळ जपानी फॅमिकॉममध्ये तर आवाजाची वाटही कॅसेटमधूनच वळसा घालून जाते. म्हणून चित्र स्वच्छ पण खेळ मुका, असेही होते. ही तिन्ही लक्षणे ऐकायला गंभीर वाटतात, पण तिन्हींवर पहिला उपाय पट्ट्या पुसणे हाच आहे.

कॅसेट हलवली की चित्र येते आणि सोडली की जाते, असे होत असेल तर मात्र मशीनच्या पिना सैल झाल्याची शक्यता जास्त.

फुंकर

प्रत्येक घरात हेच होत असे. कॅसेट चालली नाही की ती काढायची, तोंडाजवळ धरून बाजाच्या पेटीसारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुंकायची आणि पुन्हा घालायची. गंमत म्हणजे हा उपाय न शिकवता जगभरच्या मुलांनी शोधला होता. आणि पुष्कळदा खेळ सुरूही होत असे, म्हणून त्यावरचा विश्वास अजून टिकून आहे.

सुरू होण्याचे कारण फुंकर नव्हते. कॅसेट काढून पुन्हा घालताना पिना पट्ट्यांवरून घासत जातात आणि मळाचा पातळ थर बाजूला होतो. काढून नुसती पुन्हा घातली असती तरी तेच झाले असते. फुंकरीने सुटी धूळ उडते हे खरे, पण तोंडाची हवा दमट असते आणि तिच्यासोबत लाळेचे सूक्ष्म थेंब जातात. तो ओलावा पट्ट्यांवर आणि मशीनच्या पिनांवर बसतो. मुलामा जिथे झिजलेला किंवा मुळातच पातळ आहे तिथे खालचे तांबे हळूहळू गंजते. निन्टेन्डोनेही लोकांना फुंकू नका असेच सांगितले होते. धूळ उडवायचीच असेल तर कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळणारा रबरी फुगा किंवा कोरडा मऊ ब्रश वापरावा.

काय वापरावे, काय नाही

मुख्य वस्तू एकच, आयसोप्रोपिल अल्कोहोल. दुकानदार त्याला आयपीए म्हणतात. मोबाइल दुरुस्तीवाले रोज वापरतात, त्यामुळे कोठीच्या गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारल्यास मिळते. ९९ टक्क्यांचे घ्यावे. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेले बहुतेक पाणीच असते, ते चालते पण वाळायला वेळ लागतो. याशिवाय कापसाच्या काड्या, म्हणजे आपले इअरबड, लागतील. जुन्या सुती धोतराचा किंवा चष्मा पुसायच्या कापडाचा तुकडा आणि पांढरे मऊ खोडरबर हेही जवळ असू द्यावे.

जुन्या एनईएस कॅसेट्सच्या मागे अल्कोहोल, थिनर किंवा बेंझिन लावू नका अशी छापील सूचना असते. ती वाचून काहींना शंका येते. थिनर आणि बेंझिनबद्दल ती शब्दशः पाळावी. अल्कोहोलही प्लॅस्टिकवर ओतायचे नाही आणि लेबलला लागू द्यायचे नाही, त्याने छपाईचा रंग सुटतो. काडीच्या टोकाला घेऊन फक्त धातूच्या पट्ट्यांवर फिरवले तर नुकसान होत नाही. दुरुस्ती करणारे अनुभवी लोक हेच करतात.

घरात सहज सापडतात म्हणून ज्या गोष्टी लोक वापरतात त्यांची यादी मोठी आहे. हँड सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असते खरे, पण हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ घातलेले असतात, ते पट्टीवर चिकट थर ठेवतात. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने कॅसेटचे प्लॅस्टिक विरघळते. रॉकेल आणि पेट्रोल तर नकोच. बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे सुरुवातीला जादू केल्यासारखा वाटतो आणि नंतर त्या तेलावर धूळ बसून पहिल्यापेक्षा वाईट होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ म्हणून मिळणारा, तेल न ठेवणारा स्प्रे मात्र चालतो.

आपल्या घरांतला खास मोह म्हणजे देवाची भांडी घासण्याची सवय. तांब्या-पितळेवरचा कळंक चिंच, लिंबू किंवा पितांबरीने निघतो, मग या पट्ट्यांवरचा का नाही, असे कोणालाही वाटेल. निघेल, पण सोबत पट्टीही निघेल. तांब्याचा तांब्या सगळा तांब्याचाच असतो, एक थर घासला तरी खाली तेच. कॅसेटच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा असतो आणि तो चांगल्या प्रतीच्या बोर्डावरही साधारण अर्धा ते एक मायक्रॉन जाड असतो, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाच्या आसपास. नकली कॅसेट्समध्ये तर तो याहून कितीतरी पातळ. भुकटी, घासणी किंवा पॉलिश पेपरने तो दोन हातांत नाहीसा होतो, खालचे निकेल आणि तांबे उघडे पडते आणि घरी तो मुलामा पुन्हा चढवता येत नाही. आंबट पदार्थाचा अंश खाचाखोचांत राहिला तर तो पुढे महिनोन्महिने गंज चढवत राहतो. पॉलिश पेपरने घासलेली कॅसेट त्या दिवशी झकास चालते. दोन पावसाळ्यांनंतर पाहावी.

प्रत्यक्ष सफाई

मशीन बंद करून अ‍ॅडॉप्टर काढून ठेवावा. समई, उदबत्ती, गॅस यांपासून दूर, खिडकी उघडी ठेवून बसावे, कारण अल्कोहोल चटकन पेट घेते. हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून बोर्डाला हात लावण्याआधी फ्रिजच्या धातूच्या भागाला किंवा नळाला एकदा स्पर्श करावा.

पहिल्या फेरीला कॅसेट उघडायची गरज नाही. तोंड खाली धरून हलकेच टिचकी मारावी, सुटी धूळ पडते. काडीचे टोक अल्कोहोलमध्ये बुडवून बाटलीच्या काठाला दाबावे. ते ओलसर हवे, ठिबकणारे नको. मग पट्ट्यांवरून वरून खाली, म्हणजे कॅसेट मशीनमध्ये जाते त्या दिशेने, काडी ओढावी. आडवी घासू नये. आडवे घासल्याने एका पट्टीचा मळ शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो आणि कापसाचे तंतू कडांना अडकतात. काडी काळी झाली की टाकून नवी घ्यावी. चौथी-पाचवी काडी जवळजवळ पांढरी निघेपर्यंत दोन्ही बाजू कराव्यात, मग कोरड्या काडीने एकदा पुसावे. दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवून मगच मशीनला लावावी.

इतक्यावर काम भागले तर तिथेच थांबावे, आणखी चमकवायच्या भानगडीत पडू नये. पट्टी आरशासारखी दिसणे गरजेचे नाही. मळकट सोनेरी पट्टीही वीज नीट नेते.

भागले नाही तर कॅसेट उघडावी. फॅमिकॉमच्या आणि तशा बहुतेक नकली कॅसेट्सच्या डबीला स्क्रू नसतो, दोन अर्धे भाग आतल्या खुंट्यांनी अडकवलेले असतात. कडेच्या फटीत जुने एटीएम कार्ड सरकवून हळूहळू उचकावे. सुरी वा स्क्रू ड्रायव्हर घातल्यास प्लॅस्टिकवर कायमचा ओरखडा येतो आणि हात घसरला तर बोर्डावरची रेघ तुटते. एनईएस आणि गेम बॉयच्या मूळ कॅसेट्सना विचित्र गोल डोक्याचा स्क्रू असतो, त्याला ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. तो ऑनलाइन मिळतो. पेनाचे प्लॅस्टिक वितळवून स्क्रूवर दाबायची युक्ती लोक सांगतात, ती टाळावी. प्लॅस्टिक स्क्रूच्या खाचेत अडकून बसले की मग खऱ्या बिटनेही उघडत नाही. चिपवर कागदी चिकटपट्टी लावलेली दिसली तर ती सोलू नये. काही चिप्सवर काचेची छोटी खिडकी असते, तिच्यात अल्ट्राव्हायोलेट प्रकाश शिरला तर आतला खेळ पुसला जातो. ती पट्टी त्यासाठीच असते.

बोर्ड बाहेर आल्यावर पट्ट्यांचा वरचा, डबीत लपलेला भागही पुसता येतो. तिथेच पुष्कळदा तपकिरी थर सापडतो. फोडणीचा धूर, उदबत्तीचा धूर, हाताचा घाम आणि कूलरच्या दमट हवेतली धूळ वर्षानुवर्षे बसून त्याचा लेप झालेला असतो. अल्कोहोलने तो निघत नसेल तर पांढरे मऊ खोडरबर पट्टीच्या लांबीच्या दिशेने दोन-तीन वेळा, फारसा दाब न देता फिरवावे. शाईसाठीचे करडे-निळे खोडरबर घेऊ नये, त्यात वाळूसारखे कण असतात. रबराचा चुरा ब्रशने झाडून परत अल्कोहोल फिरवावे, नाहीतर तो चुराच मशीनच्या खाचेत जातो.

हिरवा डाग म्हणजे तांब्यापर्यंत पोचलेला गंज. गोव्याकडून, कोकणातून आलेल्या कॅसेट्सवर तो जास्त दिसतो, समुद्रावरच्या हवेतल्या मिठाचा तो परिणाम. वरवरचा हिरवा थर अल्कोहोल आणि खोडरबराने जाईल. खाली पट्टीच खाल्ली गेली असेल तर सोल्डरचे काम जाणणाऱ्याकडे द्यावे.

मशीनची खाच

खाच मळलेली राहिली तर साफ केलेली कॅसेट पहिल्याच वेळी पुन्हा मळते. वरून कॅसेट घालायच्या मशीनमध्ये खाच सदैव उघडी असल्याने धूळ थेट आत जाते. आत काडी घालून खरवडू नये, कापूस पिनांत अडकतो. सोपा उपाय असा की कमी मोलाच्या, साफ केलेल्या एका कॅसेटच्या पट्ट्यांना अल्कोहोल लावावे, वीज बंद असताना ती सात-आठ वेळा सरळ आत-बाहेर करावी आणि बाहेर आल्यावर पट्ट्यांवरच्या काळ्या रेघा पुसून पुन्हा तेच करावे. रेघा येईनाशा झाल्या की खाच साफ झाली. अर्धा तास वाळू द्यावी. कॅसेट तिरपी करून काढायची सवय पिना सैल करते, ती सरळ वर ओढावी.

बॅटरी असलेल्या कॅसेट्स

या भागात घाई करू नये. आपल्याकडच्या नकली कॅसेट्समध्ये बॅटरी क्वचितच असते. पण परदेशातून आलेल्या गेम बॉयच्या ‘पोकेमॉन’, एनईएसच्या ‘लीजंड ऑफ झेल्डा’ अशा लांबलचक खेळांच्या कॅसेट्समध्ये घड्याळाच्या बटण सेलसारखी ३ व्होल्टची लिथियम बॅटरी सोल्डर केलेली असते. खेळ स्वतः चिपमध्ये कायमचा असतो. पण खेळणाऱ्याने केलेली प्रगती, त्याने दिलेले नाव, जमवलेल्या गोष्टी, हे सगळे एका छोट्या मेमरीत असते आणि ती मेमरी या बॅटरीच्या जिवावर जगते. ‘पोकेमॉन रेड’मध्ये ही मेमरी ३२ किलोबाइटची आहे. दहा वर्षांच्या मुलाने सुट्टीभर बसून जे काही केले ते एवढ्यात असते. बॅटरी संपली किंवा काढली की ते जाते आणि कोणत्याही उपायाने परत येत नाही.

‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ब्लू’ अमेरिकेत १९९८ मध्ये आले, ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ २००० मध्ये. या बॅटऱ्या साधारण पंधरा-वीस वर्षे टिकतात. काही अजून जिवंत आहेत, पण त्यांच्याकडे फार वेळ नाही. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये तीच बॅटरी आतले घड्याळही चालवते, म्हणून तिथे ती आणखी लवकर संपते. उलट त्यानंतरच्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’मध्ये बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे. तिथे बॅटरी संपल्याची सूचना आली तरी जतन केलेला खेळ सुरक्षित असतो.

म्हणून अशी कॅसेट हाती आली तर फक्त बाहेरून पट्ट्या पुसाव्यात, उघडू नये, आणि आधी मशीनमध्ये घालून जुना खेळ पुढे चालू करण्याचा पर्याय दिसतो का ते पाहावे. दिसला तर बॅटरी जिवंत आहे. ‘नवा खेळ’ निवडून त्यावर जतन करू नये, त्याने जुना पुसला जातो. नातवंडांच्या हाती देताना हे आधी सांगावे. मग ज्याची कॅसेट आहे त्याला फोन करावा. गेम बॉयच्या कॅसेटमधली जतन केलेली माहिती संगणकावर उतरवून घेणारी उपकरणे मिळतात, जीबीएक्स कार्ट हे त्यांपैकी एक. ती प्रत काढली की बॅटरी बदलून तीच माहिती परत कॅसेटमध्ये भरता येते. मुलगा किंवा मुलगी दिवाळीला येणार असेल तर हे काम त्या सुट्टीत उरकून घ्यावे, पुढच्या वर्षावर टाकू नये.

बॅटरी बदलणे हे घरगुती काम नाही. बटण सेलवर थेट सोल्डरिंग केल्यास तो तापून फुटू शकतो. पत्र्याच्या पाती आधीच जोडलेला सेल घ्यावा आणि तो सरावलेल्या कारागिराकडून बसवून घ्यावा. जुन्या सेलवर सीआर २०३२, सीआर २०२५ किंवा सीआर १६१६ असा क्रमांक असतो, तोच आणावा. जाडी बदलली तर डबी बंद होत नाही. रिचार्ज होणारा सेल चालत नाही. दुकानात कॅसेट देताना ‘आतली माहिती आधी उतरवून घेतली आहे’ किंवा ‘घेतलेली नाही’ हे स्पष्ट सांगावे. बहुतेक कारागिरांना त्याचे महत्त्व माहीत नसते, आणि माहीत असण्याचे कारणही नाही.

पाण्यात भिजलेल्या कॅसेट्स

ऑक्टोबर २०२० च्या पावसात हैदराबादच्या अनेक वस्त्यांत तळमजल्यावर पाणी शिरले, तेव्हा खालच्या कप्प्यातल्या अशा कितीतरी वस्तू चिखलात गेल्या. भिजलेली कॅसेट चालते का ते लगेच लावून पाहू नये, वीज आणि ओलावा एकत्र आले की पट्ट्या झपाट्याने खाल्ल्या जातात. उघडून बोर्ड वेगळा करावा. चिखल असेल तर डिस्टिल्ड वॉटरने धुवावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे पाणी मिळते तेच. नळाचे किंवा बोअरचे पाणी क्षारांचा पांढरा थर ठेवते. मग अल्कोहोलने धुऊन घ्यावे, ते पाण्याला सोबत घेऊन उडून जाते. पंख्याखाली सावलीत दोन दिवस ठेवावा. उन्हात ठेवल्यास डबी वाकते. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याने काही साधत नाही, उलट पिठूळ कण फटींत जातात. बॅटरी असलेली कॅसेट भिजली तर मात्र जतन केलेल्या खेळाचा मोह सोडून बॅटरी लवकर काढून घ्यावी, कारण ओल्या बोर्डावर ती रात्रंदिवस वीज सोडत राहते.

ठेवायच्या कशा

साफ केलेली कॅसेट तशीच माळ्यावर गेली तर दोन-तीन वर्षांत पुन्हा तेच. पत्र्याखालचा माळा टाळावा, मे महिन्यात तिथे फार तापते. रबर बँड लावून गठ्ठे बांधू नयेत. रबरातले गंधक धातू काळवंडवते आणि उन्हाळ्यात रबर वितळून लेबलला चिकटते. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या ट्रंकेतच राहू द्याव्यात, त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ पडते. प्रत्येक कॅसेट झिपच्या पिशवीत, सोबत औषधांच्या किंवा बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी, आणि सगळे झाकणाच्या डब्यात घालून खोलीतल्या कपाटात, पट्ट्यांची बाजू खाली करून ठेवावे. पुडी दरवर्षी पावसाळ्यानंतर बदलावी. डब्यावर चिठ्ठी लावून कोणत्या कॅसेटमध्ये बॅटरी आहे, ती कधी बदलली आणि ती कॅसेट घरात कोणाची, हे लिहून ठेवावे.